अंगठ्याची किंमत ३० टक्के

वाळवा तालुक्यात एखाद्या मजुराचा कामावर हात गेला किंवा जीव गेला की पुढच्या तीन दिवसांत काय घडते, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. पहिल्या दिवशी मालक दवाखान्याचे बिल भरतो आणि चारचौघांसमोर डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी गावातला एखादा पुढारी, मुकादम किंवा मालकाचा भाऊबंद वस्तीत येतो. "झालं ते वाईटच झालं. पण तुमचं आमचं रोजचं तोंड बघायचंय. कोर्टात जाऊन कुणाचं भलं झालंय, वहिनी?" अशी समजूत घालतो. तिसऱ्या दिवशी स्टँपपेपर येतो. त्यावर लिहिलेले असते की, सदर अपघात मयताच्या स्वतःच्या चुकीने घडला, मालकाने माणुसकीच्या नात्याने दिलेली रक्कम रोख मिळाली, आता आमची कोणाविरुद्धही काही एक तक्रार नाही. खाली विधवेचा अंगठा. जलदानविधी होण्याच्या आत प्रकरण मिटलेले असते. (२०२४ साली शंभराचा स्टँपपेपर जाऊन पाचशेचा आला. मिटवामिटवीचा खर्च तेवढा वाढला. हातावर टेकवायची रक्कम मात्र वाढल्याचे दिसत नाही.)

या कागदाची कायद्यात किंमत काय? काहीही नाही. पण हे त्या माउलीला कोणी सांगत नाही, आणि तिच्या शेजारी बसलेल्या आपल्या कार्यकर्त्यालाही बहुतेक वेळा ते ठाऊक नसते. अंगठा उमटला म्हणजे हक्क संपला, असे तो समजतो आणि गप्प बसतो. आपल्या माणसांचे दावे न्यायालयात हरण्याआधीच ओसरीवर हरले जातात, ते या अज्ञानामुळे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. कामावरील अपघातात कामगार मेला, तर मालकाने भरपाईची रक्कम वारसांच्या हातात परस्पर द्यायची नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची, हा त्या कायद्याचा स्पष्ट दंडक होता. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ उचल सोडली, तर घरी आणून दिलेली रक्कम ही कायद्याच्या नजरेत भरपाईच नव्हती. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही त्याच कायद्याने रद्दबातल ठरवला होता. ब्रिटिश सरकारने ही तरतूद का केली असेल? कारण त्यांनाही माहीत होते की, ज्याच्या घरात प्रेत पडले आहे आणि चुलीत लाकूड नाही, त्याच्याशी केलेला सौदा हा सौदा नसतो. १९२३ साली जे गोऱ्या साहेबाला कळले, ते शंभर वर्षांनी आमच्या गावपुढाऱ्याला कळू नये?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. चार श्रमसंहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले अनेक रास्त आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण भरपाईचा गाभा, म्हणजे तिचे सूत्र, इजांची यादी आणि हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरवणारी तरतूद, हा संहितेत कायम आहे. आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आला एवढेच. दावा करण्यास दोन वर्षांची मुदत आहे.

आता सूत्र पाहा. ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायची. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के घ्यायचे. ३ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरवली. तिसाव्या वर्षीचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे १५,००० रुपये कमावणारा तीस वर्षांचा गडी कामावर मेला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. त्याच्या बायकोच्या हातावर स्टँपपेपरसोबत जी नोटांची गड्डी ठेवली जाते, ती या आकड्याशेजारी ठेवून पाहा. मालकाने महिन्याच्या आत भरपाई दिली नाही, तर त्यावर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, ही जुन्या कायद्यातली तरतूद. म्हणूनच मालकाला घाई असते. ती घाई दयेची नव्हे.

आणि अंगठा? कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवापुढे एक आकडा आहे. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी ७. अंगठा गेला तर ३० टक्के. त्याच तिशीतल्या मजुराचा अंगठा कडबाकुट्टीत गेला, तर हिशेब ५,६१,५४६ रुपयांचा होतो. एकलव्याचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून फुकट गेला, ही गोष्ट आपण भाषणात हजार वेळा सांगितली. कायद्याने अंगठ्याची किंमत ठरवून दिली आहे, ही गोष्ट किती वेळा सांगितली? उरलेल्या हाताचा अंगठा उमटवून आपला माणूस आजही गेलेला अंगठा फुकटच देतो आहे.

हे टक्केही शेवटचा शब्द नाहीत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व नव्हते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने धरले. तेव्हा डॉक्टरच्या दाखल्यावर ३० टक्के लिहिले आहे म्हणून थांबू नये. तो माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे पुराव्यात आणावे.

मालकाच्या बाजूने हमखास फेकला जाणारा एक हुकमी पत्ता आहे: "तो पिऊन होता." मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे हा पत्ता चालतो. वस्तीतली माणसेही मान खाली घालतात. पण कायदा काय म्हणतो? दारूची नशा, सूचना मुद्दाम न पाळणे, यंत्राचे सुरक्षा कवच स्वतः काढणे, ही कारणे मालकाला फक्त लहान इजेच्या प्रकरणात वाचवू शकतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ही कारणे दाखवून भरपाई नाकारता येत नाही. मग साधी चूक, क्षणभराचे दुर्लक्ष, झोपेची डुलकी यांचा तर प्रश्नच नाही. बारा तास उभ्या असलेल्या माणसाला डुलकी लागणारच, हे गृहीत धरूनच हा कायदा लिहिला गेला.

कामाचे तास आणि अपघात यांचा हा संबंध बाबासाहेबांनी नीट ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ची दुरुस्ती त्यांच्या खात्याची. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ साली प्रा. अडारकर यांची नेमणूक झाली, १९४४ साली अहवाल आला, आणि त्यावर १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. बाबासाहेबांचे छायाचित्र संविधानासोबत लावतो, ते बरोबरच आहे. पण कारखान्याच्या फाटकावरही ते लावायला हरकत नाही.

याहून मोठी गोष्ट त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केली. गरिबाचे हाल हे त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, या सिद्धान्ताचा खरा उपयोग एवढाच की त्यामुळे राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून सुटतात, असे त्यांनी तिथे बजावले आहे. अपघाताच्या कायद्याचा पाया नेमका याच्या विरुद्ध टोकाला आहे: इजा झाली तर तिला कारण असते, कारणामागे कोणीतरी जबाबदार असतो, आणि त्याच्याकडून हिशेब घेता येतो. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातही "नशिबातच होतं" हे वाक्य ऐकू येते, तेव्हा मालकाचा वकील मनातल्या मनात हसत असतो.

आमच्या भागातले सर्वांत मोठे जोखमीचे काम म्हणजे ऊस. इस्लामपूर, साखराळे, वाळवा, कृष्णेच्या अल्याडपल्याड हंगाम सुरू झाला की रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. २०२५ मध्ये आमच्या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. ट्रॉलीच्या मागचा रिफ्लेक्टर मात्र होता तिथेच, म्हणजे नव्हताच. रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर पाचटाच्या बाहेर आलेल्या मोळ्या आणि मोळ्यांवर बसलेले बाप्ये, बायका, पोरे. ट्रॅक्टरची पॉलिसी बहुधा शेतीकामाची असते. ट्रॉलीवर बसलेला माणूस त्या पॉलिसीत येत नाही, असे विमा कंपनी म्हणते आणि अनेकदा ते मान्यही होते. न्यायाधिकरणे काही वेळा 'कंपनीने आधी भरावे, मग मालकाकडून वसूल करावे' असा आदेश देतात, पण त्यासाठी झगडावे लागते.

टोळीतला गडी फडात किंवा वाटेत मेला, तर मालक कोण, हा पहिला प्रश्न. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी स्वतःच उचल घेतलेला मजूर. शेतकरी म्हणतो, ऊस माझा, माणूस माझा नव्हे. जबाबदारीची ही उतरंड रचली गेली आहे ती सगळ्यात खालच्या मडक्याने फुटावे म्हणूनच. कायद्यात मात्र 'मूळ मालक' ही कल्पना आहे: स्वतःच्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्याने आधी भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. उसाशिवाय साखर कारखान्याचा कोणता धंदा आहे? फड कारखान्याच्या ताब्यातली जागा नाही, असा बचाव होतो, आणि तो पोकळ नाही. म्हणून तोडणीची चिठ्ठी, टोळीचा क्रमांक, वजनाची पावती, कारखान्याच्या शेतकी खात्याने दिलेली तोडीची तारीख, हे कागद जपले पाहिजेत. फड कोणाच्या हुकमाने चालतो, हे तेच सांगतात. बीड किंवा जतकडून आलेल्या कुटुंबाला दाव्यासाठी इथे खेटे घालण्याची गरज नाही, हेही सांगावे. वारस जिथे राहतात तिथेही दावा करता येतो.

आता शासनाच्या दयेकडे वळू. शेतात साप चावला, वीज पडली, विजेचा धक्का बसला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यूला २ लाख रुपये. अट काय? वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. म्हणजे सातबारा हवा. त्याच बांधावर, त्याच सापाने, त्याच दिवशी खुरपायला आलेल्या भूमिहीन बाईचा जीव गेला तर तिच्या मुलांना या योजनेतून एक पैसा नाही. सापाला जात कळत नाही, शासन निर्णयाला मात्र कळते, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे? आणि योजनेचे नाव वाचा: 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह म्हणजे कृपा. देणारा कृपा करतो, घेणारा हात जोडतो. भरपाईत हात जोडायचे नसतात, हिशेब मांडायचा असतो. शेतमजूर भरपाई कायद्याच्या यादीत आहे. जमीन कसण्याचे काम करणारा मजूर त्यात धरलेला आहे. तेव्हा त्या बाईच्या वारसांचा दावा शेतमालकाविरुद्ध उभा राहू शकतो. शेतमालकही अनेकदा दोन एकरांचा धनी असतो, हे खरे. त्याने मजुरांचा विमा का काढू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. बैलाचा विमा निघतो.

फवारणीचेही तेच. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर मेले. तेव्हा चर्चा झाली ती मजुराने तोंडाला फडके का बांधले नाही याची. पंप पाठीवर घेऊन उभ्या पिकात शिरणाऱ्या माणसाला फडके पुरते का, हे कोणी विचारले?

आमच्याच जिल्ह्यात, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी कडेगाव तालुक्यातील शाळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यातून वायुगळती झाली. दोन महिलांसह तिघांचा जीव गेला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. हा योगायोगच, पण शाळगावसारख्या वसाहतींत या संहितांची एक प्रत तरी मराठीत पोहोचली आहे का, हे जाऊन पाहावे.

आणि गटार. हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख. मुंबईत गोवंडीच्या एका खाजगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार मेले. सोसायटी खाजगी, ठेकेदार खाजगी, मग सरकारचा संबंध काय, असा पवित्रा घेतला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तो मानला नाही: शासनाने आधी विधवांना पैसे द्यावेत, जबाबदार असणाऱ्याकडून नंतर वसूल करावेत. त्या तीन महिला न्यायालयात गेल्या म्हणून हे झाले. नगरपालिकांच्या हद्दीत जिथे जिथे रात्री माणूस टाकीत उतरवला जातो, तिथे हा निकाल खिशात ठेवून जायला हवे.

दवाखान्याकडे येतो. इथे आपली माणसे दोन टोकांना असतात. एक तर "डॉक्टर देव आहे" म्हणून पाया पडतात, नाही तर काच फोडतात. काच फोडणारा पोरगा आपला असतो. २०१०च्या महाराष्ट्रातील कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई होऊ शकते. तो पोलीस ठाण्यात बसतो, आणि ज्या कागदावर खरा प्रश्न लिहिलेला आहे तो केसपेपर तिकडे आत, निवांत दुरुस्त होत राहतो.

महाराष्ट्रातच घडलेली दोन जुनी प्रकरणे वकिलांना ठाऊक आहेत. १९५३च्या मे महिन्यात गुहागरजवळ समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले, पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले, आणि त्याच रात्री तो गेला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने तो खटला १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात संपला, भरपाई ३,००० रुपये. काय काळजी घ्यावी, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टर रुग्णाला बांधील आहे, हे तत्त्व तिथे रुजले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: मुलाचा बाप स्वतः डॉक्टर होता. काय चुकले हे त्याला कळले.

दुसरे प्रकरण तेव्हाच्या औरंगाबादचे. जुलै १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात एका महिलेचे बाळंतपण झाले, पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखायला लागले, ताप हटेना. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा सापडला. ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, त्याबद्दल सरकारला जाब विचारता येत नाही, असा त्यामागचा एक आधार होता. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात तो आधार खोडून काढला आणि भरपाई परत दिली. तेहतीस वर्षे लागली. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार मिळतात, मग तक्रार कसली, असे जे आजही म्हणतात, त्यांना हा निकाल दाखवावा. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तिथे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असतो, हे १९९५च्या शांता निकालापासून ठरले आहे. दिवाणी न्यायालयाचा रस्ता बंद नाही. जिथे पैसे घेतले जातात, त्या खाजगी दवाखान्याविरुद्ध सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

पण केसपेपरशिवाय काही नाही. मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने कागदांच्या प्रती दिल्या पाहिजेत, हा वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीचा नियम आहे. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, आणि दिली नाही तर तो नकारच पुरावा होतो. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन टाळू नये. "कशाला चिरफाड करता त्या देहाची?" असे म्हणणारे भावकीतच भेटतात. त्यांना समजावून सांगणे कठीण असते, मी ते अनेकदा केले आहे. पण मृत्यूचे कारण कागदावर आले नाही, तर त्यानंतर कोणताही वकील ते आणू शकत नाही.

बीडच्या ऊसतोड महिलांचे काय झाले ते आठवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, म्हणून अवयवच काढून टाकायचा! ही कामावरची इजा की दवाखान्यातली? दोन्ही. म्हणूनच ती कुणाच्याच वहीत आली नाही. परिशिष्टात अंगठ्यापुढे आकडा आहे, गर्भाशयापुढे नाही.

घरातल्या धोक्यांबद्दल थोडक्यात. गॅस सिलिंडरच्या स्फोटात माणूस गेला तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मृत्यूसाठी ६ लाख, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत मिळू शकतात. वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे लागते. वितरक स्वतःहून सांगत नाही. विजेची तार तुटून पडली आणि त्यावर कोणाचा पाय पडला, तर कंपनीची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाची ती बिनशर्त जबाबदारी ठरवली आहे. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मात्र आता सहा महिन्यांत दाखल करावा लागतो, ही १ एप्रिल २०२२ पासूनची मुदत. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नये. वाहन ठोकर देऊन पळून गेले, क्रमांक मिळाला नाही, तरीही वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात.

एक तक्रार चळवळीकडेच आहे. अत्याचाराची घटना घडली की आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. पण परांचीवरून पडून गवंड्याच्या हाताखालचा पोरगा मरतो, तेव्हा विहारात फक्त पुण्यानुमोदन होते. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला असता तर कामावरच्या मृत्यूसाठी ५ लाख त्याच्या आईला मिळाले असते, शिवाय मालकाकडची भरपाई वेगळी. नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार फिरतो. त्याच फेरीत हे अर्ज भरून घेता येणार नाहीत का? एकेका वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलामुलींनी ठरवले तर महिनाभराचे काम आहे.

अपघात झालाच, तर यंत्र धुण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. हजेरीपत्रकाचा, नसेल तर मुकादमाच्या वहीचा, पगार जमा झालेल्या पासबुकाचा फोटो घ्यावा. दवाखान्यात "पडला" असे लिहून घेऊ देऊ नये. कुठे, कोणाकडे, कोणत्या यंत्रावर, हे नोंदवून घ्यावे. पोलिसांत वर्दी द्यावी. मालक बिल भरतो आहे तर भरू द्यावे, त्याने हक्क जात नाही. कोऱ्या किंवा वाचून न दाखवलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. आणि दिला असेल, तरी घाबरून घरी बसू नये.

वकिलाची फी हा शेवटचा अडसर. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही महिलेला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या ठिकाणीच काम करते. अर्ज साध्या कागदावर करता येतो, लिहिता येत नसेल तर तिथला कर्मचारी लिहून घेतो. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडावी; मयताची पत्नी किंवा आई अर्ज करणार असेल तर तीही लागत नाही. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१००.